भिंतीपलीकडचा चीक

वासराला जन्म देऊन गाय गेली. लवकर चीक मिळाला नाही, तर वासरूही जाणार होतं. घाबरलेल्या थोरल्या जावेने फ्रीजरमध्ये साठवलेली चिकाची बाटली उकळत्या पाण्यात धरली आणि चिकाचा गोळा झाला. भिंतीपलीकडच्या गोठ्यात धाकटीची गाय सकाळीच व्यायली होती. पण चार वर्षं दोघी गुरांमार्फतच बोलत होत्या. "ढवळे," भिंतीवरून बघत धाकटी गायीला म्हणाली, "तुझं लेकरू पिऊन तट्ट झालंय. चीक हवा असेल, तर बाटली घासून आणा म्हणावं. आधी चूल विझवा!" थोरलीने बाटली घासून भिंतीवर ठेवली. धाकटीच ती भरून घेऊन आली. वासराला चोखता येईना, म्हणून तिने चिकात बोटं बुडवून त्याच्या तोंडात दिली. बाटली संपली, तरी ते बोटं सोडेना. "सोड रे, जायचंय मला." "बस गं जरा," थोरली तिलाच म्हणाली.