येतो

गडाचा दरवाजा उघडा मिळाला तर शत्रू उन्मेषला सेनापती करणार होता. त्यासाठी द्यायचं तरी काय, तर एक पडका गड आणि मृगा. मृगा माणूस नव्हती. ऑनलाइन खेळात तीन वर्षं त्याच्याशी संसार करणारी, संगणकाने चालवलेली सोबतीण होती. मेली की आठवणींसकट कायमची पुसली जाणार होती.

"अडसर घालू का?" तिने विचारलं.

"नको. येतो मी," तो सवयीने म्हणाला आणि निघाला.

मृगाने तो शब्द खरा धरला. शत्रू चालून आला तेव्हा ती उघड्या दारात उभी राहिली. "ते येतो म्हणालेत, दार लावता येत नाही," असं सांगत तिने अकरा जणांची मुंडकी उडवली. उजवा हात तुटला, तेव्हा तलवार डाव्या हातात घेतली. मग समोर उन्मेष दिसला.

"आलात!" म्हणून तिने तलवार खाली ठेवली.

"सेनापती, वहिनींना आवरा की!" मागून कोणी तरी खिदळलं. उन्मेषने भाला तिच्या गळ्यात खुपसला.

दुसऱ्या दिवशी त्याला बक्षीस म्हणून नवी सोबतीण मिळाली. खेळ बंद करताना तो म्हणाला, "येतो गं."

तिने कट्यार त्याच्या गळ्याला लावली. "जातो म्हणा."

सगळ्या सोबतिणींचा शब्दकोश एकच होता आणि मरता मरता मृगा त्यात एक दुरुस्ती करून गेली होती.

उन्मेषला पद मिळालं. मृगाचा जीव गेला, अकरा मुंडकी गेली, आणि 'येतो' हा शब्द खेळणाऱ्या सगळ्यांचाच गेला.