साहेबांच्या शुगरची वही

"यमुनावहिनींचे पोहे कोरडे असायचे," यशवंतराव म्हणाले आणि त्यांनी जिलबीचा तुकडा मोडला.

नारायणरावांचा घास हातातच राहिला. देवासच्या टेकडीखाली, उमाशंकरच्या गाडीवर, सकाळी सात वाजता, गेलेल्या बायकोबद्दल हे ऐकायचं! यमुनाबाई धारच्या. त्यांच्या पोह्यांचा डबा उघडला की अर्धा कारखाना गोळा व्हायचा.

"साहेब, शब्द मागे घ्या."

"घास उतरायला पाणी लागायचं. आहे ते सांगितलं."

"आणि ही जिलबी? शुगर आहे ना तुम्हाला?"

"एका तुकड्यानं काय होतंय?"

"भिया, झगडा बाद में," उमाशंकर म्हणाला. "पोहे ठंडे हो रिये हैं."

नारायणरावांनी प्लेट आपटली. सेव उडाली. ते तडक घराकडे निघाले.

यशवंतराव कारखान्याचे लेबर ऑफिसर होते. नारायणराव फिटर, आणि युनियनचे. संपाच्या वेळी साहेबांनी त्यांना अकरा दिवस सस्पेंड केलं होतं. ते अकरा दिवस नारायणरावांनी तीस वर्षं जपून ठेवले होते. आणि नेमका हाच माणूस फेब्रुवारीत दारात उभा राहिला.

"डॉक्टर म्हणतात, शुगर आहे, एकट्यानं फिरायचं नाही. टेकडीवर चक्कर आली तर? म्हटलं तुम्हाला विचारावं. तुम्ही तसेही दिवसभर पडूनच असता."

पडून होते, हे खरं. यमुनाबाईंना जाऊन तीन महिने झाले होते, आणि उठून करायचं काय, हे कुणी सांगत नव्हतं. पण ते या माणसानं म्हणावं? दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला नारायणराव साहेबांच्या दारात हजर होते. बूट घालून.

तेव्हापासून जिवाला नुसता ताप.

"दाढी वाढवून माझ्याबरोबर येऊ नका, लोक तुमच्या हातावर नाणी ठेवतील." झालं, रोज दाढी करणं आलं.

"खिचडीवर जगता वाटतं? पाय लटपटतायत." मग संतापानं कणीक मळायची, आणि साहेबांचं नाव घेत पोळ्या लाटायच्या.

"संपातही तुम्ही मागेच असायचा." त्या दिवसापासून टेकडीच्या पायऱ्या नारायणराव पुढे चढत होते आणि वर पोचून साहेबांची वाट बघत होते. पाच मिनिटं उशीर झाला तरी टोमणा बसे, म्हणून रात्री नऊला दिवा बंद. दुसऱ्याच्या शुगरपायी माणसानं किती सोसावं?

धारहून मुलीचा फोन आला की ती म्हणायची, "बाबा, आवाज बरा वाटतोय."

"बरा कसला! राग आलाय मला!"

काल यमुनाबाईंच्या नावानं महिन्याचं पान ठेवलं होतं. आज त्यांना उठायचंच नव्हतं. तर साहेबांनी फाटक बडवून विचारलं, "गैरहजेरी लावू का?" त्या तिरीमिरीत ते बाहेर आले, आणि वर हे पोह्यांचं.

बस झालं. उद्यापासून साडेपाचला उठायचं नाही. कशालाच उठायचं नाही.

पण ही सोबत सांगून मोडायची, पळून नव्हे. त्यांनी घरी तासभर येरझाऱ्या घातल्या आणि साहेबांचं दार ठोठावलं. सुनेनं, अंकितानं उघडलं.

"या ना काका. बाबा नहायला गेलेत."

"त्यांची शुगरची वही आण. जिलब्या हाणतात, ते लिहितात का ते बघू दे मला. डॉक्टरला दाखव ती. आणि दुसरा सोबती शोधा म्हणावं त्यांना."

अंकिता गोंधळली. "वही तर आहे एक. फिरून आले की आधी तेच लिहितात, नंतर चाय. पण मला त्यांचं मराठी अक्षर लागतच नाही, काका. मी हिंदी मीडियमवाली. तुम्हीच बघून घ्या ना."

जाड पुठ्ठ्याची वही. नारायणरावांनी चष्मा चढवला. साहेबांचं अक्षर त्यांच्या ओळखीचं होतं, मेमोवरचं. पानं उलटली. शुगरचा आकडा एकही नव्हता.

'१० फेब्रुवारी. पडून असता म्हटलं. कूस बदलून माझ्याकडे बघितलं.

११ फेब्रुवारी. आला!

२ मार्च. दाढीवरून टोचलं.

३ मार्च. दाढी केली.

१९ मार्च. खिचडीचा विषय काढला. अंकिता सांगते, त्यांच्या घरातून पोळ्यांचा वास येतो.

८ एप्रिल. संपाचा विषय काढला. शिव्या देत एका दमात वर. मलाच धाप लागली.'

शेवटच्या नोंदीवर आजची तारीख होती.

'आज उठतच नव्हता. आणला, पण टेकडीवर शब्द नाही, शिवी नाही. डोळे फेब्रुवारीतले. माझ्याकडचं सगळं बोलून संपलं होतं, म्हणून पोह्यांवर गेलो. प्लेट आपटली. यमुनावहिनी, माफी असावी.'