यादीतली पहिली ओळ

कल्पना करा, तुमच्या हातात फोन आहे. फोनमध्ये तेवीस कॉलेजांची यादी आहे. घड्याळात चार वाजलेत आणि पाच वाजता ही यादी बंद होणार आहे. एकदा पक्की केली की मग पुन्हा हात लावता यायचा नाही. आणि शेजारी बसलेले आजोबा तिसऱ्यांदा सांगताहेत, "हितलं जवळचं वर घाल. ते घावणारच हाय."

भरे गावच्या अपेक्षाची आज हीच गत झाली होती. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची रीतच तशी. राज्यभरातल्या मुलांनी आपापल्या आवडीच्या क्रमाने कॉलेजं लिहायची आणि जागा वाटायच्या कंप्युटरने. त्यात एक गोम होती. पहिल्या फेरीत यादीतलं पहिलंच कॉलेज मिळालं, तर तेच कायम. पुढच्या फेऱ्यांचं दार बंद. म्हणून पहिल्या ओळीवरून घरात तीन दिवस धुसफुस चालली होती. अपेक्षाला तिथे पुण्याचं सरकारी कॉलेज हवं होतं. पण तिथे तिचा नंबर अगदी काठावर होता. लागला तर लागला.

आजोबांचं, म्हणजे भिवाजींचं मत ठाम होतं आणि ते अनुभवातून आलेलं होतं. त्यांनी घरावर चार खोल्या काढून भाड्याने दिल्या होत्या. हिंजवडीला नोकरी करणारी मुलं खोली बघायला येत. एखादा म्हणे, आधी वरची हवेशीर बघतो, नाही जमलं तर खालची घेतो. तो जिना उतरून येईपर्यंत खालची दुसऱ्याने घेतलेली असे. असे किती तरी हात हलवत गेलेले भिवाजींनी पाहिले होते. वरच्या खोलीतला मनीष तर परभणीहून येऊन इंजिनिअर झालेला. तोही सकाळी कंपनीच्या कॅबमध्ये चढता चढता म्हणून गेला होता की सेफ वालं वर टाक. शिकलेला माणूसही तेच म्हणतोय म्हटल्यावर भिवाजींना आणखी जोर चढला.

अपेक्षाच्या डोक्यात मात्र एक प्रश्न घोळत होता. खोली जो आधी येईल त्याला मिळते. कंप्युटरच्या दारात आधी कोण येतं? तिने फोनवर नियमांची पुस्तिका पुन्हा काढली. एक पान दोनदा वाचलं. मग ती उठून चुलीपाशी गेली आणि तीन ताटल्या घेऊन पडवीत आली. एकीत उकडलेल्या शेंगा, दुसरीत भाजलेलं कणीस, तिसरीत काकडी.

तिने गुणवत्ता यादीत असतात तसे नंबर वाटून टाकले. वडलांचा, अमोलचा, पहिला. त्याची उरवड्याच्या कारखान्यात रात्रपाळी होती, म्हणून तो घरीच होता. भिवाजींचा दुसरा. आजीचा, साळूबाईंचा, तिसरा. काय हवंय ते प्रत्येकाने आवडीच्या क्रमाने लिहायचं, दुसऱ्याला दाखवायचं नाही. साळूबाईंनी नातीच्या कानात सांगितलं. भिवाजींनी चिठ्ठीवर हात आडवा धरून लिहिलं.

अपेक्षाने नंबराप्रमाणे चिठ्ठ्या उघडल्या. अमोलने पहिल्या ओळीत शेंगा लिहिल्या होत्या, त्याला शेंगा मिळाल्या. भिवाजींनी पहिल्या ओळीत काकडी लिहिली होती, त्यांना काकडी मिळाली. साळूबाईंनी कणीस मागितलं होतं. ते ताटलीत तसंच होतं. त्यांनी ते उचललं आणि उरलेल्या सात-आठ दातांनी नवऱ्यासमोर बसून एकेक ओळ सोलायला घेतली.

भिवाजी काकडीकडे बघत राहिले. कणसावर त्यांचा जीव आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ते म्हणाले, अमोल पहिला, तो कणीस नेणार असं मला वाटलं. अमोल म्हणाला, तुम्हाला आवडतं म्हणून मी शेंगा लिहिल्या.

"म्हंजी ते मला घावलं असतं?"

"घावलं असतं, आबा. तुमचा नंबर आजीच्या आधी हाय. तुमी मागितलंच न्हाई."

भिवाजींना ते सहजी पटेना. कणीस वर लिहिलं असतं आणि ते अमोलने नेलं असतं, तर? तोवर बायकोने काकडीही उचलली असती. अपेक्षाने मान हलवली. तुमची यादी संपेपर्यंत मागच्या नंबराला कशालाच हात लावता येत नाही, असं पुस्तिकेत लिहिलंय, ती म्हणाली. वरचं हुकलं तर कंप्युटर तुमची दुसरी ओळ बघतो. काकडी कुठेच जात नव्हती.

साळूबाई तोंडातला घास सांभाळत म्हणाल्या, "जलमभर खोल्या भाड्यानं दिल्या, आन् सवताला कणीस मागता आलं न्हाई."

भिवाजींनी काकडी मोडली, पण तोंडात घातली नाही. मग नातीकडे वळून म्हणाले, "पुण्याचं वर घाल. आन् ह्याच्याबी वर काय मनात आसंल, तर आत्ताच मागून घे. मिळंल न्हाई मिळंल, ते मागनं बघू."

अमोल हसून डबा भरायला आत गेला. वाद मिटला, असं त्याला वाटलं.

अपेक्षाने पुण्याचं कॉलेज उचलून वर नेलं. पक्की करायच्या बटणावर तिचं बोट आलं आणि तिथेच थांबलं. पाच वाजायला वीस मिनिटं होती. तिने पुण्याचं कॉलेज एक घर खाली सरकवलं आणि मोकळ्या झालेल्या पहिल्या ओळीत, आजवर घरात एकदाही न उच्चारलेलं नाव लिहिलं. चंद्रपूर. खाणकाम इंजिनिअरिंग.