शेठचा दगड

डॉक्टरीणबाईंनी सरड्याला अलगद उताणं केलं. पोटावर बिस्किटाएवढा लालभडक चट्टा होता.

"भाजलंय," त्या म्हणाल्या.

"भाजेल कसं?" बाबा पुढे सरसावले. "पेटीतल्या त्या ऊब देणाऱ्या विजेच्या दगडाला मी सकाळ-संध्याकाळ हात लावून बघतो. कोमट असतो हो, कोमट!"

सरडा लेकीचा, काचेच्या पेटीत पाळलेला. दिवसभर गादीवर बसल्यासारखा बसून राहतो म्हणून घरात त्याला शेठ म्हणत. लेक पंधरा दिवस कामासाठी बाहेरगावी गेली, तेव्हा शेठची ऊब सांभाळायचं बाबांकडे आलं. काल ती परतली, तर शेठ खाईना की हलेना.

"तापमापक दिला होता ना, बाबा?"

"तो कशाला? हा काय इथं आहे!" त्यांनी तळहात उंचावला. चाळीस वर्षं बेकरी चालवली ती या हाताच्या भरवशावर. भट्टीच्या तोंडाशी हात धरायचा, आठ आकडे मोजायचे की पाव आत. एकदा करपला असेल तर शपथ!

दगड फडक्यात गुंडाळून आणलाच होता. डॉक्टरीणबाईंनी तो टेबलावर ठेवून वायर जोडली. शेठ टॉवेलमध्ये डोळे मिटून पडला होता.

"जगेल ना?" लेकीने विचारलं.

"जखम खोल आहे. आठवडाभर काही सांगता येणार नाही."

वीस मिनिटांनी बाबांनी दगडावर हात ठेवला. "घ्या. कोमट."

लेकीने बोट टेकवलं मात्र, "आई गं!" म्हणून झटकलं. डॉक्टरीणबाईंच्या तापमापकाने पंचावन्न अंश दाखवले.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण लाज वाटायच्या आधी बाबांना नवलच वाटलं. त्यांनी तळहात उलटसुलट करून पाहिला आणि पुन्हा दगडावर ठेवला. आठ झाले, बारा झाले. काही नाही.

"मग हा पळाला का नाही तिथून?"

"ऊन वरून येतं एवढंच याला ठाऊक. पोटाखाली भाजतंय हे चटकन कळत नाही याला. दगड काढून टाका. पेटीच्या वर, जाळीआड दिवा लावा. जास्त तापलं की आपोआप बंद करणारा स्विच त्याला जोडा. आणि तापमापक हा बसतो तिथेच ठेवा. हाताने बघायचं नाही."

"म्हणजे शेठ आणि मी, दोघेही ठोंबेच की," बाबा म्हणाले. कुणी हसलं नाही.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना ते मध्येच थांबले.

"तुझी आई गेली तेव्हा तू चार वर्षांची. आंघोळ मीच घालायचो तुला."

"हो."

"पाणी हाताने बघूनच ओतायचो. आणि तू किंचाळून घर डोक्यावर घ्यायचीस. मला वाटायचं, पोरीला आईच्या हातची सवय, आई हवीय म्हणून रडते."

टॉवेलातल्या शेठला छातीशी धरून लेक दोन पायऱ्या खाली उभी होती. तिने वर वळून बाबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"आईच हवी असायची, बाबा," ती म्हणाली. "चला, जपून उतरा."