हजर बाई

तपासणीला आलेल्या अधिकारी मॅडमनी वर्गाच्या मागून हाक मारली, तरी गणिताच्या बाईंनी वळून पाहिलं नाही. फळ्यावर वर्तुळ काढणं चालूच राहिलं. मॅडमनी पुन्हा हाक मारली. शाळेच्या नोंदीत होतं तेच आडनाव, या वेळी जरा मोठ्याने. पुढच्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, "बाई, तुम्हाला बोलावताहेत."

खडू थांबला. "हो. मीच," बाई म्हणाल्या.

'मीच' कशाला म्हणायला हवं? मॅडमनी हेडमास्तरांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेरचं रिकामं मैदान अगदी लक्षपूर्वक न्याहाळत होते.

"यांची वीस वर्षं नोकरी झाली ना?"

"झाली की, मॅडम."

"दिसतात तर पंचविशीच्या."

"तब्येत राखलीय बाईंनी." हेडमास्तर हसले. एकटेच.

मॅडमनी कोपऱ्यात मान खाली घालून बसलेल्या एका मुलाला उठवलं आणि मनातलंच एक गणित घातलं. तो फळ्याकडे गेला, निम्म्यात अडला, तळहाताने दोन ओळी पुसल्या आणि पुन्हा मांडून उत्तर काढलं. कुणी खिदळलं नाही. बाईंनी नुसती मान हलवली. येताना त्यांनी पाहिलं होतं, शेजारच्या वर्गात मास्तरांची खुर्ची रिकामी होती आणि पोरं बाकांवर पेंगत होती. त्यापलीकडे एक सर गाईडमधली उत्तरं उतरवून देत होते. अशा शाळेत एवढा एकच वर्ग असा कसा? पढवून ठेवलाय, मॅडमना वाटलं. त्यांनी आणखी एक गणित घातलं, जरा आडवळणाचं. तेही एका मुलीने सोडवलं.

हेडमास्तरांना त्यांनी चहा सांगायला पाठवलं आणि बाईंना बाहेर व्हरांड्यात घेतलं.

"खरं नाव काय तुमचं?"

बाई बोटांवरचा खडू पुसत राहिल्या. "सांगितलं तर तुम्हाला लिहावं लागेल."

"आणि नोंदीतल्या बाई कुठे असतात?"

"घरी. शिक्षण समितीच्या सभापतींच्या सूनबाई आहेत. नोकरी त्यांची, वर्ग माझा. पगारातलं थोडंफार मला देतात."

"हा गुन्हा आहे. कळतंय ना?"

"कळतं. पण मी यायच्या आधी त्या स्वतः यायच्या, महिन्यातून एकदा, सह्या करायला. मी आले त्याच्या आदल्या वर्षी गणितात अख्खा वर्ग नापास झाला होता. तुम्ही लिहा. उद्यापासून मी येणार नाही. त्याही येणार नाहीत. परीक्षा तोंडावर आलीय."

आवाजात गयावया नव्हती. त्यामुळेच मॅडमचा संशय वाढला. हेही कुणी शिकवून ठेवलेलं असेल. इतक्या वर्षांत त्यांनी रडणाऱ्या बाया पाहिल्या होत्या, पाया पडणारे मास्तर पाहिले होते. आता ही नवी तऱ्हा.

मग त्यांचं लक्ष आत गेलं. वर्गात कुणीच मोठं माणूस नव्हतं. तरी पोरं वह्यांवर वाकलेली होती. कोपऱ्यातला तो मुलगा शेजाऱ्याला हलक्या आवाजात काहीतरी समजावत होता. एवढं मात्र कुणाला पढवून घेता येत नाही.

"जा आत," मॅडम म्हणाल्या.

हेडमास्तरांच्या खोलीत बसून त्यांनी अहवाल लिहिला. गणिताच्या ओळीपाशी पेन बराच वेळ थांबलं. मग त्यांनी लिहिलं, 'शिक्षिका हजर. अध्यापन उत्तम.' खाली सही केली. दोन्ही वाक्यं खरी होती, असं त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं.

हेडमास्तरांनी कागद ओढून वाचला आणि ते खुर्चीत सैल झाले.

"सकाळपासून जीव टांगणीला लागला होता. नवा माणूस कसा निघेल, सांगता येत नाही." त्यांनी खुर्ची जवळ सरकवली, चहाचा कप आपल्या हाताने मॅडमपुढे केला आणि टेबलाच्या खणातून एक किल्ली काढली.

"प्रयोगशाळेचं कुलूप बिघडलंय म्हणालो होतो ना मी? तसं काही नाही. चला ताई, दाखवतो आत काय आहे ते. आता तुमच्यापासून काय लपवायचं?"