देवीचा मुखवटा

संग्रहालयाच्या दुरुस्तीच्या खोलीत विभावरीने लाकडी मुखवटा उलटा केला. आतली बाजू किडीने पोखरली होती. "पूर्ण दुरुस्तीला पंचवीस हजार होतील," ती म्हणाली. "पण नंतर हा डोक्यावर चढवायचा नाही. काचेच्या पेटीत ठेवायचा."

काशिनाथ भोये जव्हारकडच्या गावाचा मुखवटा आणि वर्गणी घेऊन आला होता. बोहाड्याच्या जत्रेत हा देवीचा मुखवटा लावून त्याचा बाप नाचायचा. बाप गेला, आता यंदा त्याची पाळी होती.

"पैसे हायेत, ताई. पण देवी पेटीत बसली तर गावात फिरंल कोण?"

"आणि नाचताना तुटली तर?"

"तर नदीत सोडू, नवी घडवू. कोंडून ठेवणं आमच्याच्यानं व्हायचं नाय."

विभावरीने अंदाजपत्रक फाडलं, आतून आधार देण्यापुरता खर्च सांगितला आणि माप घेण्यासाठी त्याला मुखवटा चढवायला लावला.

मुखवटा चढवल्यावर काशिनाथ जागचा हललाच नाही. थोड्या वेळाने आतून त्याचा आवाज आला, "ताई, आतून धुऊ नका. बापाच्या घामाचा वास हाय."