बोलका ड्रम

"बाई, ड्रमवर वॉटर लिवलंय," चिमी म्हणाली.

तिसरीच्या वर्गाला जागृतीबाईंनी त्या सकाळी एकच काम दिले होते: आवारात दिसेल ते इंग्रजी वाचून दाखवायचे. शाळा बोईसरपासून आत, डोंगरातल्या पाड्यावर. तिथे इंग्रजी दिसणार ते भिंतीवर रंगवलेले तेवढेच. कोणी ॲपल वाचले, कोणी बॉल. चिमी मात्र पिण्याच्या पाण्याच्या ड्रमपाशी उकिडवी बसून सुटत आलेल्या पिवळ्या रंगाच्या खपलीखाली पाहत होती.

ड्रम मूळचा निळा. कुठल्याशा कारखान्याने वापरून झाल्यावर तो भेट दिला होता. त्या प्रसंगी नारळ फुटला, फोटो निघाले. पुढे शाळेच्या भिंती बोलक्या असाव्यात असा आदेश आला, तेव्हा मुख्याध्यापक नरहरी सरांनी भिंतींबरोबर ड्रमलाही वाचा दिली: पिवळा तैलरंग, त्यावर तांबडे सफरचंद आणि मोठा ए.

"शाबास. वॉटर म्हणजे?"

"पानी."

"बरोबर," व्हरांड्यातून नरहरी सर म्हणाले. उद्या वाचनाचा स्तर तपासायला साहेब येणार होते, आणि सरांना आज सगळेच बरोबर वाटत होते. "पाण्याच्या ड्रमवर पाणी नाही लिहिणार तर काय दूध लिहितील?"

जागृतीबाई हसल्या, आणि हसता हसता थांबल्या. कारखान्यातून निघाला तेव्हा हा पाण्याचा ड्रम नव्हता. मग पाण्याचे नाव त्यावर कशाला?

"आनखी हाय आत," चिमी म्हणाली, आणि तिने डावीकडची खपली नखाने ओढली. प्लॅस्टिकवर तैलरंग धरत नाही. तो पापुद्र्यासारखा निघून आला. मुले भोवती जमली. वर्षभर बाईंनी त्यांना हेच तर शिकवले होते: अक्षराला अक्षर जोडायचे, भ्यायचे नाही, मोठ्याने म्हणायचे.

"एफ, ओ, आर. फॉर!"

आणखी एक पापुद्रा.

"यू, एस, ई. यूज!"

"यूज फॉर वॉटर," चिमीने जोडून दाखवले.

पाण्यासाठी वापरा. जागृतीबाईंनी श्वास सोडला. आपल्या संशयाची त्यांना लाज वाटली.

"उद्या हिलाच पुढे उभं करा," सर म्हणाले. "आणि ते खरवडणं पुरे आता. सफरचंद जाईल."

पण चिमीचे नख सफरचंदात रुतले होते. रंग उजवीकडून डावीकडे सुटत होता, त्यामुळे शब्दाचे शेवटचे अक्षर आधी उघडे पडले: टी. थांब, असे बाईंना म्हणायचे होते. तोवर टीच्या डावीकडे ओ निघाला. पुढचे अक्षर एन असू नये, अशी प्रार्थना त्यांनी आयुष्यात प्रथमच केली, आणि नेमके तेच निघाले.

"नॉट!" मुले आनंदाने ओरडली. हा शब्द त्यांना पाठ होता. डू नॉट रन, डू नॉट शाउट: वर्गाचे नियम बाईंनीच फळ्यावर लिहून त्यांच्याकडून घोकून घेतले होते. शेवटच्या पापुद्र्याखालून डूही निघाला, आणि त्याच चालीवर, एका सुरात, अख्ख्या वर्गाने ओळ म्हटली:

"डू नॉट यूज फॉर वॉटर."

एकही चूक नव्हती. अर्थाचा स्तर तपासणीत नव्हता, म्हणून तो कोणी शिकवलाही नव्हता. कारखान्यालाही दोष देता आला नसता. सूचना देणे बंधनकारक असते, आणि ती दिलेली होती. ठसठशीत, पुसली न जाणारी, पाड्यावर एकालाही न येणाऱ्या भाषेत.

सर व्हरांड्यातून खाली आले. त्यांनी ओळ मनातल्या मनात वाचली, मग पुन्हा वाचली.

"बाई," ते हलकेच म्हणाले, "उद्याचा दिवस जाऊ दे. रंग शिल्लक आहे."

तेवढ्यात खिचडी शिजवणारी सुलू रिकामे पातेले घेऊन आली आणि सवयीने ड्रमच्या तोटीखाली वाकली. जागृतीबाईंनी तिच्या हातातून पातेले ओढून घेतले, आणि तोटी पूर्ण सोडली. पाणी आवाराच्या मातीत पसरू लागले.

"अवो बाई, डोक्यावरून आनलंय आमी ते," सुलू म्हणाली. "काय झालं?"

बाईंनी चुलीकडे पाहिले. खिचडीचा वास सुटला होता.

बाईंचे भरलेले डोळे पाहून चिमी ओशाळली. सफरचंद खराब केल्याचा बाईंना राग आला, असे तिला वाटले. ती जवळ सरकली आणि त्यांची समजूत घालू लागली.

"बाई, रडू नका. उद्या सायबाला आमच्या घरी न्या. आमच्या पाड्यात सगल्यांकडं असाच ड्रम हाय. त्याला रंग नाय मारलेला. सगलं लख्ख वाचता येतं."